नर्मदेची पेज

आमच्या बाजूला माणूस भेटला की "बरा आहेस ना?" असं कोणी विचारत नाही. सकाळचे दहा वाजून गेले की विचारायचं ते एकच, "पेज जेवलास?" तांदळाची मऊ पेज, सोबत खोबऱ्याची कातळी नाहीतर भाजलेला सुका बांगडा. हो म्हटलं की समजायचं, चूल पेटली आहे, घर चाललं आहे. नाही म्हटलं तर विचारणारा वहाणा काढून आत शिरतो, चूल बघतो, मडकं बघतो, आणि काय बिनसलंय ते काढून घेतल्याशिवाय उठत नाही. म्हणून शहाणी माणसं हो म्हणतात आणि सुटतात.

तोंडवलीच्या भिकाजीने त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात रोज हो म्हटलं. कुंपणापलीकडून शेजारची सत्यवती हाक मारायची, "भावजीनू, पेज जेवलात? नर्मदाबाय जेवली?" आणि भिकाजी पडवीतून ओरडून सांगायचा, "जेवली गो, वाटीभर जेवली!" यातलं निम्मं खरं होतं. वाटीभर पेज नर्मदेच्या तोंडात जायची. पाव तासाने ती सगळी बाहेर यायची, ते भिकाजी कुंपणावरून सांगत नव्हता.

नर्मदा त्याची बायको. तिच्या पोटात गाठ होती. दिवाळीच्या आधी तिला मुंबईला नेऊन आणली होती. तिथल्या डॉक्टरांनी पोट उघडलं, आत बघितलं आणि जसं होतं तसं शिवून टाकलं. मूलबाळ नव्हतं. मुंबईचा पुतण्या बोटीवर बसवून द्यायला आला, रडला, आणि कामावर गेला. तेव्हापासून त्या घरात दोनच माणसं, एक बाजेवर आणि एक बाजेजवळच्या पाटावर.

भिकाजी जिल्ह्याच्या कोर्टात एकतीस वर्षं नक्कलनवीस होता. साहेबांनी निकाल द्यायचे आणि याने त्यांच्या सुवाच्य नकला करायच्या. अशा माणसाला स्वतःचं मत असून चालत नाही. असलंच तर त्याने ते टोपीबरोबर खुंटीला अडकवून कामाला बसायचं. भिकाजीने ते इतकं नेमाने अडकवलं, की निवृत्त होऊन घरी आला तेव्हा मत आणायचं तिथेच विसरला. कुठल्या आंब्याला खत घालायचं इथपासून सगळं नर्मदाच ठरवायची. आणि आता तिने ठरवलं होतं की पेज नको.

तो भरवायचा कसा, तेही सांगून टाकतो. एक हात तिच्या हनुवटीखाली, अंगठा आणि बोट गालांवर दाबून, वासराला औषध पाजतात तसा. दात जरा उघडले की चमचा आत. "एक चमचो, फक्त एक," असं म्हणत तो वीस चमचे घालायचा. तिचे डोळे भरून यायचे, त्याचेही. मग ओकारी, मग तो तिचं लुगडं बदलायचा, तोंड पुसायचा, जमीन सारवायचा. हे सगळं तो प्रेमाने करत होता. त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं.

एका दुपारी तोंड पुसून झाल्यावर नर्मदा म्हणाली, "त्यो गोळयो किती रवल्यो?"

मालवणच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. रात्री एक, दोन नाही, असं बजावून. भिकाजीने त्या पेटीत कुलपात ठेवल्या होत्या आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली होती.

"कित्याक?"

"सगळ्यो एकदम दियात माका."

भिकाजीच्या हातातलं फडकं गळून पडलं. "खुळी काय गो तू? तीनशे सहा कलम आसा. धा वर्सां!"

"कोणाक?"

"माका."

"आणि माका?"

"तू गेलंस तर तुका काय नाय. वाचलंस तर तीनशे नऊ. वर्साची कैद."

नर्मदा हसली. हसली की पोटात कळ यायची, म्हणून ती फक्त ओठांनी हसायची. "म्हणजे मराक जमला नाय तर शिक्षा. बरो कायदो आसा तुमचो."

"माझो खंयचो? मी फक्त उतरवन काढी होतंय."

"मगे आता पण तेवढाच करा. मी सांगतंय, तुमी उतरवन घ्या."

भिकाजीने पडलेलं फडकं उचललं. मग म्हणाला, "जीव आपलो नसता नर्मदे. देवाचो आसता. तेणाच नेवक व्हयो."

"तो न्हेता तेका तुमीच आड येतास, चमचो घेवन," ती म्हणाली. थोडा दम खाऊन पुढे म्हणाली, "देवाचो आसा तर देवाक इचारा. रवळनाथाक कौल लावा. गुरवाक सांगा, गाऱ्हाणा घाला. उजवो पडलो तर दिया गोळयो."

कौल म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या फुलांचे कळे चिकटवतो आणि गावाच्या वतीने प्रश्न विचारतो. उजवीकडचा कळा आधी पडला तर देवाचा होकार, डावीकडचा पडला तर नकार. लग्नं, विहिरी, भांडणं, सगळं आमच्याकडे असं विचारून चालतं. नर्मदा काही वावगं बोलली नव्हती. पण कौल म्हटल्यावर भिकाजी उठून पडवीत गेला.

कारण बारा वर्षांपूर्वी त्याने एका निकालाची नक्कल केली होती.

खारेपाटणाकडचा खटला होता. बाबली नावाचा जवान माणूस. त्याच्या धाकट्या भावाला, शंकरला, पिसाळलेलं कुत्रं चावलं. इंजेक्शनं घ्यायला उशीर झाला. शंकर पाणी बघून किंचाळू लागला, अंगाला झटके, तोंडाला फेस. घरच्यांनी त्याला गोठ्यात खांबाला बांधून ठेवलं. मधेच शुद्ध यायची तेव्हा तो एवढंच म्हणायचा, "बाबली, माका मारून टाक." तिसऱ्या दिवशी बाबलीने त्याच्यावर घोंगडी टाकली आणि तो थांबेपर्यंत दाबून धरली.

खटल्यात गावचा गुरव धोंडू साक्षीला उभा राहिला. देवाची शपथ घेऊन म्हणाला की बाबलीने आधी देवळात येऊन कौल लावला, देवाने उजवा कौल दिला, मगच त्याने भावाला सोडवलं. गावातल्या आणखी चौघांनी तेच सांगितलं. त्यांना वाटलं, खुद्द देवाने परवानगी दिल्यावर कोर्ट काय करणार?

कोर्टाने उलटंच केलं. साहेब काही कठोर नव्हते. मरणाऱ्यानेच मरण मागितलं होतं हे त्यांनी मानलं, म्हणून खून म्हटलं नाही. पण दुःखाच्या भरात हात गेला असता तर आणखी दया दाखवता आली असती, असं त्यांनी लिहिलं. इथे आरोपी देवळात गेला, कौल घेतला, परत आला आणि मग त्याने मारलं. म्हणजे विचार करायला त्याला पुरेसा वेळ होता. सात वर्षं सक्तमजुरी. ज्या साक्षीने बाबली सुटायचा, त्याच साक्षीने तो बुडाला.

निकालाची नक्कल न्यायला बाबलीची आई आली होती, हौसाबाई. तिला वाचता येत नव्हतं. भिकाजीने कोर्टाबाहेर तिला सगळा इंग्रजी निकाल मालवणीत उतरवून सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मगे माझ्या झिलान काय करूचा होता?"

"ता हेच्यात लिवलला नाय," भिकाजी म्हणाला.

"परत बगा. खंयतरी लिवलला आसतला."

त्याने तिच्या समाधानासाठी पानं परत उलटली होती. नव्हतं लिहिलेलं.

आणि दैव बघा कसं खोडसाळ असतं. बाबली सुटून आला तो गावी राहिलाच नाही. दक्षिणेकडे आला आणि तोंडवलीच्या खाडीवर तारी म्हणून लागला. पाच वर्षं झाली, लोकांना होडीने अल्याड-पल्याड करत होता. भावाला मारलेला माणूस म्हणून कोणी त्याच्या मडक्यातलं पाणी पीत नव्हतं. भिकाजीही नाही. दर आठवड्याला त्याच्या होडीत बसायचा, पण तुझा निकाल माझ्या हातून गेलाय, असं एकदाही बोलला नव्हता.

त्या आठवड्यात सत्यवतीला नर्मदेजवळ बसवून भिकाजी मालवणला गोळ्या आणायला गेला. डॉक्टरांसमोर तो कोर्टातल्यासारखं शुद्ध बोलायचा.

"ती खात नाही, डॉक्टरसाहेब."

"भरवत राहा. अंगात काही गेलं तर महिना-दीड महिना निघेल."

"आणि भरवलं नाही तर?"

डॉक्टर उठले, हात धुतले, पुसले. "ते मी सांगायचं नसतं," ते म्हणाले, आणि पुढच्या रोग्याला बोलावलं. त्यांची चूक नव्हती. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना भिकाजीला एकदम इतकं एकटं वाटलं, की कोपऱ्यावरच्या कोळणीने "मासे व्हये?" म्हटलं तर तो उगाच थांबून तिच्याशी बोलत राहिला. मासे घेतले नाहीत. तिनेही शेवटी शिवी हासडलीच.

परतताना होडीत तो एकटाच होता. ऊन तापलेलं, खाडी भरलेली. बाबली पाठमोरा वल्हं मारत होता. निम्म्यावर आल्यावर भिकाजी म्हणाला,

"बाबली, तुझ्या निकालाची नक्कल मी केललंय."

वल्हं थांबलं नाही. "माका म्हायत आसा. आवशीन सांगल्यान होता. चष्मेवालो, बरो माणूस, म्हणाली. परत परत पानां बगी होतो, म्हणाली."

"मगे पाच वर्सां बोललंस नाय?"

"तुमी खंय बोललास?"

भिकाजीने धीर केला. "माका एक सांग. देवान कौल दिल्यान, तेवा तुझ्या मनाक बरा वाटला? मगे हात कापलो नाय?"

आता बाबलीने वल्हं वर घेतलं. होडी आपोआप सरकत राहिली. तो वळला आणि भिकाजीकडे बघत राहिला, हा माणूस टिंगल करतोय की काय असा.

"खंयचो कौल?" तो म्हणाला. "देवळात जावक वेळ खंय होतो? शंकर आपलीच जीभ चावी होतो. मी गोठ्यात गेलंय, घोंगडी दिसली, उचललंय. सगळा दोन मिन्टात झाला. कौल लावूकच नाय कोणी."

"पण गुरव... साक्षीदार..."

"पोलिसांनी माका न्हेल्यावर गाव जमलो. धोंडू गुरव म्हणालो, आपण सांगूया देवान कौल दिलो, देवावर कोण जातलो? सगळे हो म्हणाले. माझ्यासाठीच केल्यानी, मायेन केल्यानी. आवस माझ्या पायार पडली, तू पण तसाच सांग म्हणान. मी सांगलंय. सात वर्सां."

भिकाजीच्या डोळ्यांसमोर ते पान जसंच्या तसं उभं राहिलं, स्वतःच्याच अक्षरातलं. समास सोडून, शाई न सांडता, त्याने एक शुद्ध थाप उतरवून काढली होती आणि खाली 'खरी नक्कल' म्हणून सही केली होती.

"सात वर्सांचा माका काय नाय," बाबली म्हणाला. "पण मी केललंय ता माझा होता. तेची वेदना माझ्यान बगवली नाय, म्हणान केलंय. ता कोणी माका बोलूकच देवक नाय. आधी देवाक मधी घातल्यानी, मगे कोर्टाक. आता कोणाक सांगू?"

"पश्चात्ताप होता?"

"मारलंय तेचो नाय." त्याने वल्हं परत पाण्यात घातलं. "माझे दोनय हात घोंगडेर होते. तेचो हात कोणी धरूक नाय. तेवढो एक होता."

होडी काठाला लागली. मग बाबलीने विचारलं, "घराकडे कोण आजारी आसा?"

"बायल."

"बोलता?"

"बोलता. डोक्यान धड आसा."

"मगे तिका इचारा," बाबली म्हणाला. "माका कित्याक इचारतास? देवाक तरी कित्याक?"

भिकाजीचा घसा सुकला होता. फळीवर बाबलीचं मडकं होतं, वर नारळाची करवंटी उपडी घातलेली. त्याने मडक्याकडे बघितलं, आणि तसाच उतरून घराकडे चालू लागला. एवढं ऐकूनही पाणी मागायची हिंमत झाली नाही त्याला. वर्षांची सवय अशी एका फेरीत मोडत नाही.

घरी आल्यावर सत्यवतीला निरोप दिला, करगोट्याची किल्ली सोडली आणि नर्मदेच्या तळहातावर ठेवली. "पेटयेची किल्ली. मी आड येवचंय नाय. काय व्हया ता तू सांग."

नर्मदेने किल्लीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. छत्तीस वर्षांत हा माणूस तिला काय हवं ते पहिल्यांदा विचारत होता.

"माका गोळयो नको," ती म्हणाली. "रातीची एक, तेवढी पुरे. तुमी पेज थांबवणास नाय, म्हणान मी गोळयो मागलंय. माका पेज नको. आणि तुमी हंयसर बसा. चमचो घेवन नको, असेच बसा."

"ह्याका पण कायदो आसा गो. जा करूचा ता न करणा, ता पण करण्यातच धरतत."

"धरू देत. तुमी माझो हात धरा."

भिकाजी पाटावर बसला आणि त्याने हात धरला. कायद्याला तो मरेपर्यंत भिणार होता. पण तिच्या गालांवर त्याच्या बोटांचे वळ होते, ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. तो ढसढसा रडला. "माका माफ कर," म्हणाला. ती म्हणाली, "पुरे आता. पंख्यान वारो घाला."

त्यानंतरचे अकरा दिवस त्या घरात दोन माणसं बोलत होती. म्हणजे बोलायचा भिकाजीच. तिने विचारायचं आणि त्याने खटले सांगायचे: नारळाच्या झाडावरून भांडलेले भाऊ, म्हशीच्या मालकीसाठी कोर्टात हजर केलेली म्हैस. "एक तरी सांगा, कोणाकच शिक्षा झाली नाय असो," ती म्हणाली. भिकाजीने खूप आठवलं, सापडला नाही. मग एक आपल्या मनानेच रचून सांगितला. नक्कलनवीसाची पहिली कल्पना! नर्मदेने ओळखलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. ओल्या कापसाने तो तिचे ओठ भिजवायचा. ओकारी थांबली होती. पहिल्यांदाच दुपारची तिला झोप लागायची.

पेज मात्र तो रोज करत होता. धूर दिसला नाही तर शेजार विचारणार. दहाच्या पुढे हाक यायची, "भावजीनू, पेज जेवलात? नर्मदाबाय जेवली?" आणि तो सांगायचा, "जेवली गो, वाटीभर!" मग आपली पेज कशीबशी घशाखाली उतरवायचा, दुसऱ्या वाटीतली गोठ्यातल्या वासराला घालायचा, आणि दोन्ही वाट्या धुऊन बाहेर पालथ्या घालायचा, दिसतील अशा.

समुद्राकाठची माणसं सांगतात की जाणारा ओहोटीबरोबर जातो. नर्मदेने तेही ऐकलं नाही. बाराव्या दिवशी दुपारी, भर भरतीला, खाडी काठोकाठ असताना ती गेली. भिकाजीच्या हातात तिचा हात होता. सकाळपासून धरून त्याची बोटं बधिर झाली होती, म्हणून तिचा हात कधी सैल पडला ते त्याला लगेच कळलंसुद्धा नाही.

तासाभरात अंगण भरलं. सत्यवतीने आत नर्मदेला आंघोळ घातली, कुंकू लावलं, आणि बाहेर येऊन पदर डोळ्यांना लावून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शेवटपर्यंत भरवल्यानी भावजीनी. अशी सेवा कोण करता हो?"

"काल सकाळी पण वाटीभर जेवली," तिचा नवरा दाजी म्हणाला. हा दाजी गावचा पोलीस पाटील. "हिणा आपल्या कानान आयकला."

"मी आयकलंय," दुसरं कोणी म्हणालं. "मी वाटये बघलंय." "माझ्या बायलेन पण." माणसं माना डोलवत होती. सगळी त्याच्या बाजूने होती, मायेने बोलत होती. भिकाजी पडवीच्या खांबाला टेकून ऐकत होता. एकेक साक्ष पडत होती, आणि कोणीही न विचारता त्याचा खटला निकाली निघत होता. गप्प बसलं की संपलं. एकतीस वर्षं तो गप्पच बसला होता.

"नाय," तो म्हणाला.

माणसं वळली.

"अकरा दिवस मी तिका पेज देवक नाय. तिका नको होती, म्हणान मी थांबवलंय. मी थांबवलंय. तुमका रोज खोटा सांगलंय."

मग दाजी घसा खाकरून म्हणाला, "दुख्खात माणूस काय पण बोलता. आमी काय आयकूक नाय."

"आयकलास. तू पाटील आसस दाजी. लिवन घे."

"लाकडां खंय आसत बगूक व्हयी," दाजी म्हणाला आणि घराच्या मागच्या बाजूला निघून गेला.

कोणी लिहून घेतलं नाही. पोलीस आले नाहीत, कलम लागलं नाही. चार जणांनी खांदा दिला, माडाखाली चिता रचली, सगळं रीतीने झालं. पण सत्यवती आपल्या घराच्या दारात उभी राहून भिकाजीकडे जी बघत होती, ते बघणं त्याला कळत होतं. सत्यवती वाईट बाई नव्हती. रोज ती खरंच काळजीने विचारत होती, आणि रोज त्याने तिला फसवलं होतं. तिला वाटत होतं की आपण कुंपण ओलांडून गेलो असतो तर नर्मदा दोन घास जेवली असती. गावात शब्द फिरला: बायलेक उपाशी ठेवल्यान. तोंडावर कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून गेले. भिकाजी पेजेची वाटी घेऊन पडवीत बसला होता. कुंपणापलीकडे सत्यवती दोरीवर कपडे घालत होती, बांगड्या वाजत होत्या. तिने हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. तेरावा झाला, शिमग्याचे ढोल वाजून गेले, तरी नाही. माणसं रस्त्यात भेटली की "चललास?" म्हणायची आणि पुढे जायची. पेजेचं कोणी विचारायचं नाही. भिकाजी आपला रोज दहाला वाटी घेऊन बसायचा आणि कान द्यायचा. त्याला भूक लागायची, घास उतरायचा नाही. कोर्टाने दहा वर्षं दिली असती तरी निदान कोणीतरी सगळं ऐकून घेतलं असतं, असं त्याला वाटायचं. आणि नर्मदेची इतकी आठवण यायची, की कधी कधी तो रचलेले खटले रिकाम्या बाजेला सांगायचा.

असाच एका सकाळी बसलेला असताना त्याच्या मनात आलं, की खाडीवरच्या त्या माणसाला पाच वर्षांत हे कोणी विचारलं असेल?

तो उठला. मडक्यातली पेज डब्यात ओतली, वर खोबऱ्याची कातळी ठेवली, डबा फडक्यात बांधला आणि सुरूच्या झाडांमधून खाडीकडे चालू लागला. सत्यवती कुंपणाशी होती. तिने डब्याकडे बघितलं. तो थांबला नाही.

बाबली पल्याडच्या काठावर होडीत बसला होता, एकटाच, पाठीत वाकून दोर विणत. पाणी रुंद होतं. भिकाजीने दोन्ही हात तोंडाभोवती धरले. आयुष्यात तो इतक्या मोठ्याने कधी ओरडला नव्हता.

"बाबली! पेज जेवलंस?"

बाबलीने मान वर केली. दोर हातातच राहिला. भिकाजीला वाटलं, ऐकू गेलं नसावं. तो पुन्हा ओरडणार, एवढ्यात पाण्यावरून उत्तर आलं.

"नाय!"

भिकाजीने वहाणा काढल्या, बगलेत धरल्या, आणि डबा सांभाळत गुडघाभर पाण्यात जाऊन होडीची वाट बघत उभा राहिला.